आत्या मागायला निघाली की

मागायला आलेल्या माणसासमोर देणाऱ्यानेच उठून उभं राहावं, हा चमत्कार अख्ख्या नव्या मुंबईत एकाच बाईला साधला होता, आणि ती बाई माझी आत्या होती. आत्या म्हणजे रक्ताची नव्हे. कोकणातल्या आमच्या वाडीत माझ्या वडिलांच्या घराच्या वरच्या अंगाला तिचं माहेर, एवढंच नातं. पण वाडीच्या मापाने ते सख्ख्याहून सख्खं. मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडून देण्यात तिची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ती ऐरोलीला सिडकोच्या घरात राहायला आली. आमच्या विहाराचा ट्रस्ट दिघ्याला मुलींचं वसतिगृह चालवायचा, त्यासाठी ती देणग्या गोळा करू लागली. किरकोळ देणग्यांसाठी पावतीपुस्तकं घेऊन हिंडायला ट्रस्टकडे कार्यकर्ते होते. आत्याच्या वाट्याला फक्त बडी धेंडं: तळोज्याचे कारखानदार, कळंबोलीचे लोखंडवाले, वाशीच्या मार्केटमधले शेठ. ज्यांच्या दारात आम्हाला वॉचमन थांबवायचा, त्यांच्या केबिनमध्ये आत्या चप्पल वाजवत शिरायची.

आणि तिच्या मागे, बॅग धरून, मी. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ठाणे-बेलापूर रोडवरची आमची कंपनी बंद पडली, तेव्हा आत्यानेच मला ट्रस्टमध्ये चिकटवलं. हुद्दा होता ‘संपर्क अधिकारी’. सासुरवाडीला मी ‘लायझनिंग’ म्हणून सांगितलं, कारण त्यांना तो शब्द कळत नव्हता आणि मलाही. शेजाऱ्यांना ‘ऑफिस जॉब’. वडिलांना सांगितलं, ट्रस्टचा हिशेब लिहितो. यातलं एकही खरं नव्हतं. मी मागत होतो. महिन्याचे सगळे कामाचे दिवस मी श्रीमंत माणसांकडे जाऊन पैसे मागत होतो आणि त्याचाच पगार घरी आणत होतो. झालं लिहून.

इतकी लपवाछपवी कशासाठी, हे आमच्या लोकांना सांगावं लागणार नाही, इतरांना सांगतो. माझे आजोबा गावकीची कामं करायचे आणि त्याबद्दल संध्याकाळी घरोघर फिरून उरलीसुरली भाकरी मागून आणायचे. तो त्यांचा हक्क, असं गाव म्हणे. ज्या साली आमच्या वाडीने धम्म घेतला, त्या साली आजोबांनी गावकीची काठी स्वतःच्या चुलीत घातली आणि तिच्यावर भात शिजवला. माझे वडील तेव्हा पोरसवदा होते. त्या भातासारखा भात पुन्हा खाल्ला नाही म्हणायचे. पुढे ते मुंबईला येऊन गोदीत लागले, पाठीच्या कण्याचं पाणी झालं, पण शेजारून कधी वाटीभर साखर आणू दिली नाही. मला लहानपणापासून एकच मंत्र: “उपाशी मर. पन हात पसरू नको.” आणि त्यांचाच मुलगा हात पसरण्याच्या खात्यात अधिकारी.

आत्याला मात्र या गोष्टीचा संकोच म्हणून कधी शिवला नाही. मागायला जायचं असलं की ती तिची सगळ्यात भारी साडी काढायची, जांभळी, जरीच्या काठाची, मुलाच्या लग्नात घेतलेली. गळ्यात सर, हातात बांगड्या, केसांत अबोली. पहिल्या दिवशी मी विचारलं, “आत्या, आपण लग्नाला चाललोय का? जरा साधं नेसलं असतं तर... समोरच्याला बरं वाटतं.” ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, “फाटकं नेसून मागतो त्याला लोक आठ आने देतात. मना इमारत पायजे.” वाडीची बोली ही घरची. दार ओलांडलं की तिच्या गळ्यात एक्स्चेंजमधला आवाज चढायचा, शुद्ध, थंड, काठोकाठ इस्त्री केलेला. त्या आवाजात तिने “नमस्कार” म्हटलं की समोरच्याला उगाच आपलं टेलिफोनचं बिल थकल्यासारखं वाटे.

खुर्चीच्या बाबतीत तर ती कर्दनकाळ होती. देणाऱ्यापेक्षा खालच्या आसनावर बसायचं नाही, हा तिचा नियम. केबिनमध्ये सोफा खोल असला की ती उभी राहायची. मग बिचाऱ्या साहेबालाही उभं राहावं लागायचं. (चमत्काराचं अर्धं रहस्य यातच होतं.) एकदा वाशीला कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका शेठकडे गेलो. शेठ गादीवर, लोडाला टेकून, आणि आमच्यासाठी खाली एक बुटका बाक. आत्याने बाकाकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं, मग गाळ्यात रचलेल्या कांद्याच्या गोण्यांकडे पाहिलं. तिथे साताऱ्याकडचा एक माथाडी घाम पुसत उभा होता. त्याला म्हणाली, “भाऊ, जरा हात द्या.” तो म्हणाला, “आवो आक्का, पडाल की! कशापायी चढताय?” “बसायला,” आत्या म्हणाली, आणि जांभळ्या साडीचा काठ सावरत दोन गोण्यांवर जाऊन बसली. शेठची मान वर. गाळ्यातले सगळे हमाल कामं सोडून बघत राहिलेले. शेठ काकुळतीने म्हणाले, “मावशी, खाली या ना, धंद्याचा टाइम आहे.” ती वरूनच म्हणाली, “मीही धंद्याचंच बोलते आहे. मुलींना दोन खोल्यांचं फर्निचर लागेल.” शेठने होकार दिला. त्या माथाडीने तिला उतरवताना हळूच म्हटलं, “आक्का, एकदा आमच्या पगारवाढीचं बी बसा की वर जाऊन!”

बोलणं आटोपण्याची तिची रीतही एक्स्चेंजची. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये यायचा, ती सवय तिच्या हाडांत मुरलेली. तीन मिनिटांत वसतिगृह काय, मुली कुठल्या, काय हवं, एवढं सांगून ती थांबायची. समोरचा जरा घुटमळला, खिडकीबाहेर बघू लागला, मुलाच्या अमेरिकेबद्दल सांगू लागला, की आत्या त्या थंड आवाजात विचारायची, “बोलणं झालं?” मोठमोठे उद्योगपती यावर गडबडून “हो हो, झालं” म्हणायचे आणि चेकबुक काढायचे. ज्यांनी ते काढलं नाही त्यांच्याकडून ती उठून यायची. गयावया करणं, पुन्हा फोन करणं, सणाला पेढे पाठवणं, हे तिच्या कोशातच नव्हतं. मोठ्या माणसाने लहान रक्कम पुढे केली तर ती परतही करायची. “ही तुम्हाला शोभत नाही. ठेवा, मुलांना खाऊ आणा.” मी मागे बॅग धरून घामाघूम.

पण सगळ्यात मोठा वांधा आभारांचा. आत्या आभार मानत नसे. कुणाचेच. कळंबोलीच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने आमच्या स्वयंपाकघराचा सगळा खर्च उचलला. चेक दिला आणि वाट बघत बसला. आत्याने चेक वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि उठली. तो म्हणाला, “मॅडम, कुछ तो बोलो.” आत्या म्हणाली, “बरं वाटलं ना?” तो जरा विचारात पडला. मग खरंच आत डोकावून बघितल्यासारखं करून म्हणाला, “हां... अच्छा लगा.” “मग झालं,” आत्या म्हणाली. बाहेर ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढताना मी तिच्यावर चिडलो. “आत्या, एक थँक्यू म्हणायला काय जातं?” ती थांबली. “भन्ते पात्र घेऊन दारात येतात तवा थँक्यू म्हनतात काय रं? देनारा हात जोडतो. दान द्यायला मिळालं म्हनून तो जोडतो. ही आपली रीत हाय. मी त्याचे आभार मानले म्हंजे त्याचं दान तिथंच फिटलं. मी कशाला त्याचं नुकसान करू?” हे तत्त्वज्ञान त्या लोखंडवाल्याला कुणी समजावलं असेल असं वाटत नाही, पण पुढच्या वर्षी त्याचाच फोन आला, “मॅडम इस साल आयी नहीं?”

जुन्या साड्या, वापरलेली पांघरुणं, लग्नात उरलेलं जेवण, यांतलं काहीही आत्या वसतिगृहाच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. एकदा नेरूळच्या एका बिल्डरने मुलीच्या लग्नातला उरलेला मसालेभात आणि जिलब्या टेम्पोत घालून थेट दिघ्याला पाठवल्या. मुली खूश, कारण जिलबी कुणाला नको असते? आत्या नेमकी तिथे होती. तिने टेम्पो दारातच अडवला, मुलींकडून गरम भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत डब्यात भरून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, “साहेबांना म्हणावं, तुमच्याकडे अन्न उरलं म्हणजे माणसं कमी पडली. आमच्या मुलींनी आत्ता केलंय, ताजं आहे, जेवा.” मुली दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. बिल्डर मात्र तिसऱ्या दिवशी डबा परत द्यायला स्वतः आला आणि विचारून गेला की भरतात काय घातलं होतं.

हे असं मजेत चाललं असतं. पण एका वर्षी दिघ्याच्या चाळमालकाने खोल्या खाली करायला सांगितल्या. मुदत जूनपर्यंत. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या त्या खोल्यांत मुली दाटीवाटीने राहायच्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या. कुणी नर्सिंगला, कुणी आयटीआयला, कुणी कॉलेजात. जूनला छप्पर नाही म्हणजे त्या परत गावी, आणि गावी गेलेली मुलगी शिकायला पुन्हा बाहेर पडते असं सहसा होत नाही. ट्रस्टकडे एक मोकळा प्लॉट तेवढा होता. अध्यक्ष रोज आत्याला विचारायचे, “ताई, काही हललं का?” आत्या हसायची. पण तिचं हसणं पहिल्यांदाच उसनं वाटलं.

आणि हललं. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखानदाराने आपणहून निरोप धाडला की अख्खी इमारत मी बांधून देतो, कंत्राटदार माझा, जूनच्या आत तुम्हाला छप्पर देतो. ट्रस्टमध्ये पेढे वाटायचे बाकी राहिले. आत्या जांभळी साडी नेसली, मी बॅग घेतली.

त्या माणसाबद्दल मला एक शब्दही वाईट लिहायचा नाही. पांढरे केस, हळू आवाज. आत्या केबिनमध्ये शिरली तसे ते उठूनच उभे राहिले, आणि बसवलं ते समोरासमोरच्या सारख्या खुर्च्यांवर. नियमाला जागाच ठेवली नाही. म्हणाले, आई गेल्या वर्षी गेली. ती लहानपणी पोरकी होती, नातेवाइकांच्या दारात वाढली. निराधार मुलींसाठी काहीतरी कर, एवढंच जाताना बोलली. मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. इमारतीवर लावायच्या पाटीचा मजकूर होता. आईचं नाव, स्मृती, आणि पुढे: ‘निराधार कन्या वसतिगृह’.

आत्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. तिची तीन मिनिटं कधीच उलटून गेली होती. मग ती म्हणाली, “याऐवजी ‘विद्यार्थिनी’ घातलं तर?” ते हळूच म्हणाले, “ताई, बाकी काहीही बदला. तो शब्द आईचा आहे.” आत्याने पर्स उघडली, चष्मा काढला, पुसला, घातला. मग पेन काढलं. मी ते बघत होतो. तिच्या मनात काय चाललं होतं हे मला कळत होतं, कारण माझ्या मनातही तेच चाललं होतं: जून, पत्रे, मुली, एस. टी.चा स्टँड. पेनाचं टोपण तिने काढलं आणि मी म्हणालो, “नको.”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. या सगळ्या वर्षांत मी देणाऱ्यासमोर ‘नमस्कार’ आणि ‘पावती’ यांच्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. कारखानदार माझ्याकडे बघू लागले, बहुधा मी खोलीत आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. मी म्हणालो, “साहेब, त्या निराधार नाहीत. त्यांना आईबाप आहेत. पोरीला एस. टी.त बसवून देतात, घरी जातात आणि एक वेळ कमी जेवतात. पोरी रोज त्या पाटीखालून आत जाणार. तुमच्या पाटीने त्यांचे आईबाप जिवंतपणी मेले.” ते कळवळून म्हणाले, “अहो, शब्दच आहे ना शेवटी?” मी म्हणालो, “शब्दच आहे, तर काढा.”

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मग मान हलवून म्हणाले, “नाही काढता येणार.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्याने पेनाला टोपण लावलं. तिने त्यांना हात जोडले, त्यांनी तिला जोडले, आणि आम्ही बाहेर आलो.

टँकरच्या धुळीत रिक्षाची वाट बघत आम्ही उभे होतो. तळोज्याचा तो आंबूस वास साडीत, केसांत, अबोलीत. ती म्हणाली, “जून येतोय. कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“मग बोललास कशाला?”

“माहीत नाही. तुला सही करायची होती, तर मला गप्प बस म्हणायचंस.”

“तुला गप्प बस म्हनायची वेळ कवा आलीच नाय, तर सवय कुठनं असनार?” ती म्हणाली, आणि हसली. मग एकदम कामाचा आवाज. “ऐक. ट्रस्टमधी मी सांगनार, मीच नाय म्हनाले. तू मधी पडायचं नाय. तुला पोरं हायत, पगार हाय. मना कोन काढनार? मी पगारच घेत नाय!”

मी मध्ये पडलो नाही. हे माझं मौन. त्याची किंमत मी मोजली आहे, तिचा आकडा कुणाला सांगणार नाही. पण ‘नको’ म्हणालो त्याचा मात्र मला पश्चात्ताप नाही. त्या दिवशी नव्हता, आजही नाही. ज्यांना तो उर्मटपणा वाटतो त्यांनी आपल्या मुलीला त्या पाटीखालून रोज ये-जा करायला लावावं आणि मग माझ्याशी बोलायला यावं.

रिक्षात बसल्यावर मला वाटलं आत्या ऐरोलीला जाईल. ती रिक्षावाल्याला म्हणाली, “कोपरखैरणे.” म्हणजे माझं घर. “कशाला?” मी घाबरून विचारलं. “तुझ्या बापाकडं. मागायला.”

वडील खाटेवर बसून रेडिओचा कान पिळत होते. आत्याला जरीकाठात बघून म्हणाले, “काय गं बाय, कुनाचं लगीन?” आत्या खाटेवर त्यांच्या शेजारी बसली. “दादा, मागायला आले.” वडिलांनी लगेच माझ्या बायकोला हाक मारली, “सूनबाई, साखर दे गो हिला!” “साखर नको. पोरींच्या इमारतीला पैसे दे.” वडील हसले. मग ती हसत नाही हे बघून थांबले. “मी? मी काय देनार?”

“कधी दिलंयस कुनाला?”

वडील विचार करू लागले. मग जे म्हणाले ते मी आजवर विसरलो नाही. म्हणाले, “मला कुनी मागितलंच नाय कधी.”

मी दारातच उभा होतो. आत्याने माझ्याकडे बोट केलं. “हा काय करतो, ठाव हाय काय तुला?” “हिशेब लिवतो.” “खोटं. हा मागतो. माझ्यासंगं दारोदार फिरतो.” वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रेडिओ बंद केला. मला वाटलं आता ते मला घराबाहेर काढतील. घर माझ्या नावावर होतं, पण तो मुद्दा मला तेव्हा सुचला नाही. आत्या म्हणाली, “आनि आज यानं एका मोठ्या मानसाची आख्खी इमारत परत धाडली. पोरींना निराधार म्हनायचं नाय म्हनाला, तोंडावर. आता तू सांग दादा. भाकर मागनारा भाकर परत धाडतो काय?”

वडील म्हणाले, “नाय धाडत.”

“मग हा कोन?”

वडिलांनी वाकून खाटेखालची ट्रंक ओढली. गावच्या घराची कौलं बदलायला त्यांनी गोदीच्या फंडातले पैसे बाजूला ठेवले होते, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून. ती पुरचुंडी त्यांनी तशीच आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्या उघडून बघायला लागली तशी म्हणाले, “मोजतेस काय? भरपूर हाय.” मग खाटेवरून उठले, उभे राहिले आणि तिला हात जोडले. कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या वडिलांना मी विहारातल्या मूर्तीखेरीज कुणाला हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग जेवताना माझ्या बायकोला म्हणाले, “याला आनखी एक भाकर वाढ. आज बोलून आलाय.”

दुसऱ्या दिवसापासून आत्याने शेठ लोक सोडून दिले आणि ज्यांना आजवर कुणी मागितलं नव्हतं त्यांच्याकडे निघाली. दिघ्याच्या कंपन्यांतले कामगार, वॉचमन, इस्पितळातल्या आया, सिडकोचे शिपाई. साडी तीच जांभळी, तीन मिनिटं तीच, आणि आभार इथेही नाहीत. लोक दार उघडून आधी चकित व्हायचे, मग आत जाऊन केस विंचरून यायचे, मग द्यायचे. एका वॉचमनने तर सोसायटीच्या गेटवर तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सॅल्यूट ठोकून पैसे दिले.

पण ही गोष्ट गोड करून सांगणार नाही. जूनला इमारत उभी राहिली नाही. चार भिंतीच झाल्या, त्यांवर छप्पर नव्हतं. मुली तो पावसाळा विहाराच्या हॉलमध्ये झोपल्या. दोघींच्या घरच्यांनी त्यांना गावी नेलं. त्यातली एक दिवाळीनंतर परत आली. दुसरी, नर्सिंगची, आली नाही. तिचं लग्न लावून दिलं असं कळलं. ती माझ्याकडून रोज इंग्रजीचे स्पेलिंग विचारून घ्यायची. मी ‘नको’ म्हणालो नसतो तर ती आज कुठल्यातरी वॉर्डात सिस्टर असती. हे मला माहीत आहे. हे आणि ते ‘नको’, दोन्ही मी बरोबर घेऊन हिंडतो. त्या पावसाळ्यात वडील गावी गेले होते. परत आले ते जुन्या कौलांखाली चार ठिकाणी भांडी ठेवून झोपल्याचं शेजारीपाजारी सांगत. “माझं घर गळतंय,” असं ते ज्या तोऱ्यात म्हणायचे, तसं लोक ‘माझा मुलगा परदेशात आहे’ म्हणतात.

पुढच्या वर्षी तळमजला झाला, त्यानंतर काही वर्षांनी वरचा. पाटीवर साधं लिहिलं, ‘मुलींचे वसतिगृह’. ट्रस्टमध्ये मात्र ‘एका शब्दापायी आयती इमारत घालवणारी बाई’ हा शिक्का आत्यावर बसला तो बसला. दर वार्षिक सभेत कुणीतरी उठून ते काढायचं. ती तिथेच, पहिल्या रांगेत, माझ्याकडे चुकूनही न बघता म्हणायची, “हो. मीच. पुढचा विषय घ्या.”

म्हातारपणी तिचे गुडघे गेले, कान गेले, आवाज शेवटपर्यंत राहिला. गेली तेव्हा विहारात आदरांजलीची सभा झाली. वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुली आल्या होत्या, त्यांच्या कडेवर मुलं. अध्यक्ष, तेही आता म्हातारे, गहिवरून बोलले, आणि बोलता बोलता ते आलंच: “तळोज्याची इमारत ताईंनी नाकारली, तेव्हा आम्ही त्यांना फार बोललो...” मी उठलो. वडील जाऊन काही वर्षं झाली होती, नोकरीही संपली होती. आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, “तिने नाकारली नाही. ती सही करत होती. नको मी म्हणालो.”

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले, “बघा. आत्यावर किती माया. तिचा दोषसुद्धा स्वतःवर घेतोय.” लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदराने डोळे टिपले. मागून कुणीतरी हलकंच म्हणालं, “हा? हा कसला कुणाला नको म्हणतोय!” आणि दोघेतिघे प्रेमाने हसले. मी पुन्हा सांगून पाहिलं. त्यांनी पुन्हा माना डोलावल्या. मग वंदना सुरू झाली आणि मी खाली बसलो.

त्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. कारखानदार तिच्या आधीच गेले. मी एकदा तोंड उघडलं होतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस या जगात उरलं होतं, आणि त्या दिवशी समोर फुलांत तिचा फोटो होता.